एकट्यानं आष्टी

सुग्रीवनं साडेतीनशे सीसीची काळी मोटारसायकल घेतली तेव्हा चौसाळ्यात दोन गोष्टी घडल्या. एक म्हणजे, त्याच्या गल्लीतली कुत्री पहिले चार दिवस भुंकून भुंकून थकली आणि पाचव्या दिवशी त्यांनी तो नाद सोडला. दुसरी म्हणजे, बालाघाट टायगर्स रायडिंग ग्रुपचे अध्यक्ष आप्पाराव यांनी त्याला चहाला बोलावलं.

सुग्रीव गावातल्या कॉलेजात लिपिक होता. बोनाफाइडवर शिक्का मारणं हे त्याचं काम. तो शिक्का सरळ मारत असे, आणि त्याचा त्याला अभिमानही होता (अभिमान बाळगावा असं दुसरं काही हाताशी नव्हतं). पण वीस वर्षं सरळ शिक्के मारूनही गावात त्याला नावानं कुणी ओळखत नव्हतं. त्याची बायको मोहिनी अंगणवाडी सेविका होती आणि निम्मं गाव तिच्या हाताखालून शिकून गेलं होतं. म्हणून सुग्रीव म्हणजे "मोहिनीताईंचे मिस्टर". दूधवाला, गिरणीवाला, पोस्टमन, सगळे तेच म्हणत. एकदा कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये त्याचा सत्कार झाला, तेव्हा सूत्रसंचालकानं माइकवरून, "आता आपल्या मोहिनीताईंचे मिस्टर," असंच पुकारलं होतं. नारळ सुग्रीवनं घेतला, टाळ्या मोहिनीला पडल्या.

बेचाळिसाव्या वर्षी माणसाला असं वाटायला लागतं की आपलं नाव कुठंतरी मोठ्या अक्षरात लागावं. काहीजण त्यासाठी ग्रामपंचायतीला उभे राहतात. सुग्रीवला निवडून येण्याची खात्री नव्हती, म्हणून त्यानं मोटारसायकल घेतली.

बालाघाट टायगर्समध्ये अकरा माणसं होती आणि अकरा गाड्या. दर रविवारी ही अकरा माणसं काळी जाकिटं घालून, गुडघ्यांना टोप्या बांधून, बर्फाळ डोंगर ओलांडायला निघाल्यासारखी निघत आणि पंधरा किलोमीटरवरच्या मांजरसुंब्याला पोहोचत. तिथं वडे खात, गाड्यांना टेकून फोटो काढत आणि परत येत. मग दोन तास चौकात उभं राहून प्रवासाचा शीण घालवत. मांजरसुंब्याच्या पलीकडं हा वाघांचा कळप आजवर गेलेला नव्हता. पण चौकात त्यांचा बॅनर होता. अकरा गोल, अकरा चेहरे, अकरा गॉगल आणि प्रत्येकाच्या खाली ठळक नाव. सुग्रीव येता-जाता त्या बॅनरकडं असा बघे, जसा उपासाच्या दिवशी माणूस भज्यांच्या गाड्याकडं बघतो.

"तर सुग्रीवराव," चौकातल्या टपरीवर सगळ्या पदाधिकाऱ्यांच्या मधे बसून चहा फुंकत आप्पाराव म्हणाले, "आमच्यात या. सदस्य व्हा."

"फक्त सदस्य?" सुग्रीवनं विचारलं.

"तेच तर पद रिकामं हाय." आप्पारावांनी बोटं मोजली. "अध्यक्ष मी. एक कार्याध्यक्ष. दोन उपाध्यक्ष. सचिव, सहसचिव, कोषाध्यक्ष, संघटक, प्रसिद्धिप्रमुख, मार्गदर्शक, सल्लागार. सदस्य म्हणून कुणीच न्हाई. लई अडचण होतीया."

"सदस्यानं करायचं काय?"

"सगळ्यात मागं चालायचं. कुणाचं काही पडलं तर उचलायचं."

सुग्रीवचा चहा कडू झाला. त्यानं मोबाईलवर लडाखचे सव्वीस व्हिडिओ पाहिले होते. त्यात एक माणूस एकटाच गाडीवरून जातो, मध्येच थांबतो, डोंगराकडं बघतो आणि जगाबद्दल काहीतरी बोलतो. त्या माणसाच्या मागं-पुढं कुणी नसतं आणि तो कुणाचं काही उचलत नाही.

"मला नाही जमायचं," सुग्रीव म्हणाला. "मी सोलो रायडर आहे. एकामागं एक रांगेनं चालणं हे मेंढरांचं काम."

सल्लागारांनी सल्ला द्यायला तोंड उघडलं आणि सुचलं नाही म्हणून मिटलं.

"बरं," आप्पाराव म्हणाले. "कुठं कुठं गेलता सोलो?"

सुग्रीव आजवर एकटा बीडला गेला होता, तेही मोहिनी मीटिंगची फाईल विसरली म्हणून. "लडाखला जायचंय," तो म्हणाला.

"लडाख राहू द्या. येत्या रविवारी आष्टीला जाऊन दाखवा. एकट्यानं. बाराच्या आत आष्टीच्या स्टँडासमोरून फोटो टाका. टाकलात तर मी कार्याध्यक्षाला खाली घेतो, त्याचं पद तुमचं, बॅनरवर माझ्या शेजारी फोटो. न्हाई जमलं तर गुमान सदस्य व्हायचं. अन् मागं चालायचं."

"चालेल," सुग्रीव म्हणाला. कार्याध्यक्षाचं मत कुणी विचारलं नाही. तो वडा खात होता.

घरी मोहिनी भाकरी थापत होती. बायकोशी कठीण विषय काढायचा तर तिचे हात पिठात असताना काढावा, हे सुग्रीवचं वीस वर्षांच्या संसारातलं एकमेव संशोधन. तो दारात उभा राहिला आणि शक्य तितक्या जाड आवाजात म्हणाला, "मी रविवारी आष्टीला चाललोय."

त्याला वाटलं, आता भांडण होणार. त्यानं दोन वाक्यं तयारही ठेवली होती. पण मोहिनीचा चेहरा एकदम उजळला.

"देवच पावला म्हणायचा. मी सकाळपास्नं त्याच घोरात हाय."

"कसल्या?"

"अहो, करिष्माच्या लेकराचं बारसं न्हाई का रविवारी? आष्टीत, बाराला. माझी पोलिओची ड्युटी. कोण जातंय, कोण पाळणा नेतंय, काही सुधरत नव्हतं."

करिष्मा ही मोहिनीच्या बहिणीची मुलगी. तिला बाळ झालं होतं हे सुग्रीवला माहीत होतं. बारसं आहे हेही त्याला तीनदा सांगून झालं होतं, पण तिन्ही वेळा तो लडाखमध्ये होता.

"मोहिनी, मी राइडला चाललोय. एकटा."

"एकटेच जा की. मला कुठं यायचंय?"

"सोलो राइडला सामान नेत नसतात."

"सामान कोण म्हणतंय? पाळणा हाय."

हा पाळणा म्हणजे साधी वस्तू नव्हती. सुग्रीवच्या सासूबाई साखराबाई यांच्या माहेराहून आलेला तो सागवानी पाळणा. लाल-हिरव्या रंगाचा, वर चार लाकडी राघू टांगलेले. साखराबाईंच्या गोतावळ्यातली चौदा लेकरं त्यात निजली होती आणि चौदाही धडधाकट निघाली, म्हणून पंधरावं लेकरू दुसऱ्या पाळण्यात घालायचं तर साखराबाईंनी जेवण सोडलं असतं. शेवटचं लेकरू मोहिनीचं होतं, म्हणून पाळणा सुग्रीवच्या माळ्यावर होता.

साखराबाई चार दिवस आधीच आष्टीत जाऊन बसल्या होत्या. शनिवारी संध्याकाळी त्यांचा फोन आला.

"जावईबापू, पाळणा कशावर आणताय?"

"गाडीवर, मामी. मागं बांधून."

"गाडीवर हालंल की तो."

"हालणारच. रस्ता पाटोद्याचा आहे."

"रिकामा पाळणा हालवायचा न्हाई," साखराबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज असा होता की फोन नसता तरी आष्टीहून ऐकू आला असता. "आजवर कुणी हालवला न्हाई, तुमी हालवू नका. मोहिनीला सांगा, वरवंटा घालून दे म्हणावं. तसाही बारशाला वरवंटा लागतोच."

लागतो हे खरं होतं. बारशाला बाळाच्या आधी पाळण्याचा मान वरवंट्याचा. त्याला न्हाऊ घालायचं, टोपडं चढवायचं, मग बायका त्याला पाळण्याच्या खालून-वरून एकमेकींकडं देतात आणि कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या म्हणतात. दगडासारखं टणक आयुष्य बाळाला मिळावं, एवढाच त्यातला हेतू. पण आष्टीत वरवंटे नसतात काय? सुग्रीवनं हे मनात विचारलं. (सासूबाईंना प्रश्न विचारायची ती एकच सुरक्षित जागा होती.)

मोहिनीनं कोणतंही काम अर्धवट केलेलं कुणी पाहिलेलं नाही. तिनं घरचा काळा गुळगुळीत वरवंटा धुतला, मऊ धोतराच्या तुकड्यात गुंडाळला, त्याला हिरवं टोपडं बांधलं. मग थोडं लांबून बघितलं आणि काजळाचे दोन डोळे काढले. गालावर तीट लावली.

"हे कावून?" सुग्रीवनं विचारलं. त्रास झाला की तो गावाकडचं बोलू लागे.

"नजर लागती."

"वरवंट्याला?"

"पाळण्याला," मोहिनी म्हणाली.

रविवारी सुग्रीव सहाला निघणार होता. पाळणा बांधण्यात साडेसात वाजले. सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांनी तो मागच्या सीटवर आवळला, आत वरवंटा दुपट्यात निजवला आणि घसरू नये म्हणून पोटावरून झोळीची दोरी घेतली. जाकीट, गुडघ्यांच्या टोप्या आणि काळ्या काचेचं हेल्मेट घालून सुग्रीव पुढं बसला. लडाखच्या माणसाच्या पाठीशी तंबू असायचा. सुग्रीवच्या पाठीशी चार राघू होते.

तीसच्या वर गाडी गेली की पाळणा डुलायचा. चाळीसच्या वर राघू एकमेकांवर आपटायचे आणि सगळा हायवे वळून बघायचा. मांजरसुंब्याला टायगर्स वडे खात बसले होते. सुग्रीवनं काच खाली ओढली आणि आपण दुसरेच कोणीतरी असल्यासारखा पुढं गेला. (चौसाळ्यात अशी गाडी एकच होती आणि पाळणा बांधलेली तर जिल्ह्यात एकच.) आप्पारावांनी वडा खाली ठेवला.

"हे सोलो हाय?" त्यांनी विचारलं.

"मागं कोण तर निजलंय," प्रसिद्धिप्रमुख म्हणाले.

मग ते घडलं जे ग्रुपच्या इतिहासात घडलं नव्हतं. बालाघाट टायगर्स उठले आणि मांजरसुंब्याच्या पुढं निघाले. त्यांना फक्त बघायचं होतं. बघण्यासाठी आपला माणूस कितीही लांब जातो.

पाटोद्याच्या अलीकडं रस्त्याकडेला पोलिओचा बूथ होता. टेबल, निळा डबा, पिवळं पोस्टर आणि वनमाला नावाच्या बाई. गाडीवर पाळणा आणि पाळण्यात टोपडं दिसताच त्या रस्त्यावर आल्या.

"ओ भाऊ, थांबा. लेकराला डोस."

"नको," सुग्रीव काचेआडून ओरडला. "उशीर होतोय."

पोलिओच्या रविवारी 'नको' हा शब्द कसा असतो, हे ज्याची बायको अंगणवाडीत आहे त्याला तरी माहीत असायला हवं होतं. वनमालाबाईंनी डबा उचलला, पर्समध्ये डोसची बाटली टाकली आणि स्कूटीला सेल्फ मारला.

सुग्रीव त्यांना सहज मागं टाकू शकला असता, पण पुढं रस्ताभर मेंढरं होती. अडीचशे तरी असतील. ती एकामागं एक, अंगाला अंग लावून, कसलंही पद नसताना समाधानानं चालली होती. सुग्रीवनं हॉर्न दिला. मेंढरांनी मनावर घेतलं नाही. तो कळपाच्या मधोमध अडकला आणि कळप त्याला घेऊन तासाला दोन किलोमीटरनं आष्टीकडं निघाला.

कळपाची मालकीण बायनाबाई काठी टेकत मागून आली. तिनं आधी पाळणा पाहिला, मग टोपडं, मग आत बांधलेली दोरी.

"आरं ए मुडद्या," ती म्हणाली. "लेकराला बोचक्यावानी बांधलंयस?"

"आजी, ते लेकरू नाही."

"मग काय कोकरू हाय? टोपडं दिसतंय की मला."

तेवढ्यात स्कूटी आली. "धरा त्याला," वनमालाबाई धापा टाकत म्हणाल्या. "डोस नको म्हणून पळालाय."

"आई कुठंय ह्या लेकराची?" बायनाबाईनं काठी गाडीच्या चाकात घातली.

"आई नाही त्याला," सुग्रीव म्हणाला. खरं ते सांगून टाकावं, एवढाच त्याचा हेतू होता.

बायनाबाईचा चेहरा पडला. वनमालाबाई मात्र कर्तव्याला पक्क्या. त्यांनी बाटलीचं झाकण काढलं, "बाळा, आ कर," म्हणत पाळण्यात वाकल्या आणि टोपडं बाजूला केलं.

दोन काजळाचे डोळे त्यांच्याकडं शांतपणे बघत होते.

बाटलीतला एक थेंब वरवंट्यावर पडला. सुग्रीव समजावून सांगू लागला. पण बारसं, सासूबाई, रिकामा पाळणा आणि लडाख अशा क्रमानं सांगितल्यामुळं ऐकणाऱ्याची उरलीसुरली शंकाही फिटली.

"आसं होतं कवा कवा," बायनाबाई हळूच वनमालाबाईंना म्हणाली. "आमच्याकडं एकाची बायको गेली, तर तो सुपाला पोरगी म्हणायचा. शाना माणूस होता. घरी कोण हाय का रं बाबा तुझ्या? नाव काय तुझं?"

"सुग्रीव."

नावाचा कुणावरच परिणाम झाला नाही. वनमालाबाईंनी मोबाईल काढला. त्यांना पोलिसांचा एकशे बारा लावायचा होता. सुग्रीवनं घड्याळ बघितलं. साडेदहा वाजून गेले होते. मेंढरं जाकीट चाटत होती. एक शेवटचा उपाय होता आणि तो करताना त्याला आपण घेतलेली सगळी साडेतीनशे सीसी पायाखालून निघून गेल्यासारखी वाटली.

"मी," तो म्हणाला, "चौसाळ्याच्या मोहिनीताईंचा मिस्टर."

"अगोबाई," वनमालाबाई म्हणाल्या. "आधी सांगायचं न्हाई का?"

त्यांनी मोहिनीलाच फोन लावला, स्पीकरवर. "ताई, इथं एक गृहस्थ वरवंट्याला टोपडं घालून फिरायलेत. तुमचं नाव सांगतेत."

"काळी गाडी हाय का?"

"हाय."

"चेहरा पडलाय का?"

वनमालाबाईंनी नीट बघितलं. "लई."

"मग माझेच. जाऊ द्या त्यांना. बारसं खोळंबंल."

नेमक्या याच क्षणी बालाघाट टायगर्स आले. अकरा गाड्या मेंढरांमागं ओळीनं उभ्या राहिल्या. मेंढरांनी मागं वळून बघितलं आणि आपल्यातलेच समजून पुन्हा चालू लागली. प्रसिद्धिप्रमुखांनी मोबाईल काढून पाळण्याचे, मेंढरांचे आणि सुग्रीवचे सतरा फोटो घेतले.

मोहिनीनं सांगूनही बायनाबाईचं समाधान झालं नव्हतं. बायको नांदती आहे हे कळल्यावर तर तिला सुग्रीवची जास्तच काळजी वाटू लागली होती. तिनं मेंढरं बाजूला घेतली आणि आप्पारावांचा हात धरला.

"तुमच्या गावचा हाय ना? मग एकट्याला सोडू नका. आसं माणूस कळपात आसलेलं बरं."

"न्हाई सोडत, आजी," आप्पाराव म्हणाले. त्यांच्या आयुष्यात एवढं गंभीर काम त्यांना पहिल्यांदाच मिळालं होतं.

सुग्रीवनं हात जोडले, विनवण्या केल्या. तुम्ही एक किलोमीटर मागून या, असंही म्हणून पाहिलं. पण आजीला शब्द दिला होता. सहा गाड्या पुढं, पाच मागं, मधे पाळणा, अशी ही मिरवणूक पावणेबाराला आष्टीत शिरली. बारशाच्या मांडवातल्या बायकांना वाटलं, आजोळचा पाळणा वाजतगाजत आला. त्यांनी अकराही जणांना ओवाळलं. साखराबाईंनी वाघांना बघून सुग्रीवला बाजूला घेतलं.

"जावईबापू, अकरा पानं वाढीव हायती हे कळवायचं तरी."

बारा वाजायला सहा मिनिटं असताना सुग्रीव पळत स्टँडासमोर गेला आणि फोटो काढला. फोटोत स्टँड होतं, घड्याळ होतं, सुग्रीव होता आणि त्याच्या खांद्यांवरून डोकावणारे अकरा गॉगल होते.

जेवणाच्या पंगतीत आप्पारावांनी निकाल दिला. "वेळेत आलात, हे मान्य. पण एकटे न्हाई."

"तुम्हीच मागं लागलात."

"आमचं सोडा. निघालात तवा पाळण्यात कोण होतं?"

"वरवंटा."

"मंग. डबल सीट." आप्पारावांनी जिलेबी मोडली. सल्लागारांनी मान डोलावली. त्या दिवसातलं त्यांचं तेवढंच योगदान.

अशा रीतीनं सुग्रीव सदस्य झाला. परतीच्या वाटेवर तो सगळ्यात मागं चालला आणि त्यानं कोषाध्यक्षांचा एक हातमोजा व संघटकांची टोपी उचलली. वरवंटा मात्र आष्टीतच विसरला. मोहिनीनं आठवडाभर ठेचा दगडानं वाटला आणि दर वेळी तो आवाज सुग्रीवला ऐकू जाईल याची काळजी घेतली.

तरी एक आशा होती. सदस्य का होईना, बॅनरवर नाव येणार होतं. गुरुवारी नवा बॅनर लागला. कॉलेजात जाताना सुग्रीवला चार जणांनी थांबवून सांगितलं, "सुग्रीवराव, फोटो लई भारी आलाय." लोकांनी त्याला नावानं हाक मारली होती. बॅनर पहिल्यांदा मोहिनीबरोबरच बघायचा, म्हणून तो चौक टाळून आडवाटेनं गेला. तो दिवसभर शिक्के तिरके मारत राहिला आणि त्याला त्याचं काही वाटलं नाही.

संध्याकाळी तो मोहिनीला घेऊन चौकात गेला. अकरा गोल वर होते. खाली, कोपऱ्यात, बारावा गोल. त्याखाली ठळक अक्षरात, 'नवनियुक्त सदस्य मा. श्री. सुग्रीवराव'. आणि गोलात हिरवं टोपडं, काळा गुळगुळीत चेहरा, काजळाचे दोन डोळे. सतरा फोटोंतून नेमका तोच कापून घेतला होता.

सुग्रीव बॅनरच्या अगदी खाली जाऊन उभा राहिला.

"मोहिनी," तो म्हणाला, "हा मी नाही. उद्याच्या उद्या बदलायला लावतो."

मोहिनीनं बॅनरकडं बघितलं. मग त्याच्याकडं बघितलं. मग पुन्हा बॅनरकडं.

"राहू द्या की," ती म्हणाली. "दिवसभरात कुणाच्या ध्यानात आलं का? हेल्मेट घातल्यावर तुमी असेच दिसता. नुसती तीट नसती."